निरंक की नुसतंच कोरं?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते की गुन्ह्यांच्या आकड्यांचं टेबल हातात आलं की छापलेलं नंतर बघा, आधी काय छापलेलं नाहीये ते बघा. त्यावर एवढे मेल आलेत की या वेळी दुसरा विषय घ्यायची सोयच राहिली नाही. काही प्रश्न थिसिसवाल्यांचे आहेत, काही साध्या वाचकांचे, एक थेट न्यू जर्सीहून. ज्यांना गणिताची ॲलर्जी आहे त्यांनी पहिलं उत्तर अर्धवट सोडून दुसऱ्या प्रश्नाला यावं, मी रागावणार नाही.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी पीएचडी करतेय, विषय दारूबंदी आणि महिलांवरचे गुन्हे. गडचिरोली, चंद्रपूर आणि शेजारचे बंदी नसलेले जिल्हे असं कंपॅरिझन आहे. माहिती अधिकारात पोलीस ठाण्यांचे महिन्यामहिन्याचे आकडे मिळवलेत पण साधारण पाचातला एक रकाना रिकामा आहे. गाईड म्हणतात रिकाम्या ओळी उडव आणि पुढे चल, मैत्रीण म्हणते सरासरी भर, सॉफ्टवेअर तर न विचारताच काहीतरी करतंय. काय करू? सोबत शीट जोडली आहे. (एक विद्यार्थिनी, नागपूर)

शीट पाठवलीस ते फार बरं केलंस, नाहीतर मी इथे बसून नुसतं ज्ञान दिलं असतं. पहिल्याच पानावर एक ठाणं आहे, त्याच्या ओळीत जानेवारीला ४, फेब्रुवारीला ०, मार्चला 'निरंक', एप्रिलला एक आडवी रेघ, मे-जून कोरे आणि जुलैला 'अहवाल अप्राप्त'. मी ती ओळ चहा गार होईपर्यंत बघत बसले होते. सरकारी मराठीत निरंक म्हणजे 'आम्ही बघितलं, काही नव्हतं', म्हणजे ते चक्क शून्य आहे, खरं शून्य. अप्राप्त म्हणजे 'आमच्याकडे आलंच नाही'. आणि रेघ म्हणजे काय ते फक्त रेघ मारणाऱ्यालाच माहीत. तुझ्या सॉफ्टवेअरने काय केलंय, तर अक्षरं दिसली की सगळं एकजात मिसिंग, म्हणजे निरंक पण मिसिंग. आणि दुसऱ्या पानावर कोणीतरी (तूच का?) रेघेच्या जागी शून्य टाईप केलंय. म्हणजे जिथे माहिती आहे तिथे नाही म्हटलंय आणि जिथे नाहीये तिथे आहे म्हटलंय. मॉडेल-बिडेल सगळं नंतर, आधी हे निस्तर. जो हवालदार महिन्याचा तक्ता भरतो त्याला फोन कर आणि सरळ विचार की दादा रेघ म्हणजे काय, लोक सांगतात, विचारलं तर.

आता उडवायचं का. गाईडांचं ऐकायचं असतं, मीपण ऐकलंय, पण ओळी उडवल्या की तू न बोलता एक गोष्ट मान्य करतेस, की ज्या ठाण्यांनी आकडे दिले नाहीत ती देणाऱ्यांसारखीच आहेत. आहेत का? एक काल्पनिक हिशोब कर. समजा एका जिल्ह्यात १२ ठाणी आहेत, सगळ्यांचे आकडे आले, वर्षाची बेरीज ६००. शेजारीही १२ ठाणी पण ४ ठाण्यांचे आलेच नाहीत, उरलेल्या ८ ची बेरीज ३२०. कोऱ्याला शून्य धरलं तर दुसरा जिल्हा पहिल्याच्या जवळपास निम्म्याने सज्जन. मैत्रिणीचं ऐकून प्रत्येकाला सरासरीचे ४० भरले तर ४८०, तरी सज्जनच. पण ती चार ठाणी नेमकी बाजारपेठेची आणि हायवेवरची निघाली, स्टाफ कमी, धावपळ जास्त, म्हणूनच तक्ता भरायला कोणाला वेळ नाही, आणि तिथे प्रत्येकी ९० गुन्हे होते, तर बेरीज ६८० होते. सज्जन जिल्हा एका झटक्यात पुढे गेला. आणि पुढच्या वर्षी त्या चारातली दोन ठाणी आकडे पाठवायला लागली की ३२० चे ५०० होणार आणि पेपरात हेडिंग येणार, गुन्ह्यांत ५६ टक्के वाढ! वाढ कशात झाली, तर दोन हवालदार वेळेवर फॉर्म भरायला लागले त्यात.

डोनाल्ड रुबिन नावाच्या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने १९७६ साली याची एक मांडणी केली, ती आजही सगळे वापरतात. कोरं राहायची कारणं तीन जातींची. एक, निव्वळ योगायोग, म्हणजे पावसात छप्पर गळलं आणि एक रजिस्टर भिजलं, त्याचा गुन्ह्यांशी काही संबंध नाही. याला एमसीएआर म्हणतात आणि फक्त याच केसमध्ये गाईडांचा उडवाउडवीचा सल्ला बिनधास्त चालतो, थोडं सॅम्पल कमी होतं एवढंच. दोन, कारण आहे पण ते आपल्याला दिसतंय, म्हणजे दुर्गम ठाण्यात नेटवर्क नसल्याने आकडे येत नाहीत आणि कुठलं ठाणं दुर्गम ते तुझ्या शीटमध्ये आहे. हे एमएआर. तीन, जे कोरं आहे तेच कोरं राहण्याचं कारण आहे, म्हणजे गुन्हे जास्त झाले म्हणूनच आकडा दिला नाही, किंवा मारहाण जितकी वाईट तितकी बाई गप्प. हे एमएनएआर, आणि गुन्हेगारीच्या अभ्यासात दुर्दैवाने हेच जास्त भेटतं. गंमत अशी की दोन आणि तीनमधला फरक डेटा बघून कळत नाही, कितीही टेस्ट लावा, कारण जे बघायला हवं तेच तर कोरं आहे. तो फरक ठाण्यात जाऊन कळतो.

तुझ्या विषयात आणखी एक काटा आहे. गडचिरोलीत बंदी १९९३ पासून, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली. बंदी आली की दारूबंदी कायद्याच्या केसेस वाढणार, ठाण्यातला वेळ तिकडे जाणार. त्यामुळे बाकीचे तक्ते मागे पडले असतील, तर बंदी आणि कोरेपणा एकमेकांना बांधलेले आहेत. मग तू काढशील निष्कर्ष की बंदीमुळे गुन्हे कमी झाले आणि प्रत्यक्षात कमी झाले असतील फक्त तक्ते. मी म्हणत नाही असं झालंय, मी म्हणते तपास. सोपा मार्ग आहे, कोरं आहे की नाही (१ किंवा ०) याचाच एक वेगळा रकाना कर आणि त्याच्यावर बंदी, स्टाफ, तालुक्यापासून अंतर, मागच्या वर्षीचे गुन्हे यांचं लॉजिस्टिक रिग्रेशन लाव, म्हणजे कोरं राहण्याची शक्यता यातल्या कशाने किती वाढते ते मोज. बंदीचा कोइफिशियंट (म्हणजे त्यातला बंदीचा वाटा) ठळक आला तर सावध हो.

असाच घोळ मोठ्या लोकांचाही झालाय. जॉन लॉट आणि डेव्हिड मस्टर्ड या अर्थतज्ज्ञांचा १९९७ चा पेपर अमेरिकेत फार गाजला, तीन हजारांवर काउंटींचा (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचा) १९७७ ते १९९२ चा डेटा, आणि निष्कर्ष असा की लपवून बंदूक बाळगायला परवानगी दिली की हिंसक गुन्हे कमी होतात. पुढे २००२ मध्ये मायकेल माल्ट्झ आणि जोसेफ टार्गोन्स्की यांनी तो काउंटीचा डेटा मुळातून उलगडला. अमेरिकेत आकडे पाठवणं त्या काळी पोलीस विभागांच्या मर्जीवर होतं, आणि एखाद्या विभागाने वर्षात सहा महिन्यांपेक्षा कमी पाठवले असतील तर काउंटीच्या बेरजेत तो धरलाच जात नसे, सहा किंवा जास्त असतील तर त्या प्रमाणात गुणून बारा महिन्यांचे करत, म्हणजे नऊ महिने दिले तर बारा भागिले नऊने गुणा. लोकसंख्या तेवढीच, गुन्हे गळालेले, त्यामुळे काउंटी शांत दिसणार. आणि ही गळती सगळीकडे सारखी नव्हती, बंदुकीचा कायदा केलेल्या राज्यांत ती जास्त होती. दोघांचं म्हणणं स्पष्ट होतं की धोरणं ठरवायला हा काउंटीचा डेटा सध्याच्या अवस्थेत वापरू नका. लॉट यांनी अर्थातच उत्तर दिलं, भांडण बरीच वर्षं चाललं, शेवटी २००४ मध्ये तिथल्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने सांगितलं की उपलब्ध पुराव्यावरून ठाम काही म्हणता येत नाही. एवढं रामायण, आणि त्यातलं एक कारण काय तर काही ऑफिसांनी न पाठवलेले फॉर्म.

बरं, मग करायचं काय. सरासरी भरू नकोस, हे नक्की. सरासरी भरली की सगळी ठाणी जुळी भावंडं दिसायला लागतात, स्टँडर्ड एरर (उत्तरातल्या अनिश्चिततेचं माप) आकसतो आणि पी-व्हॅल्यू उगाच देखणी येते, म्हणजे योगायोगही खरा फरक वाटायला लागतो. त्यापेक्षा मल्टिपल इम्प्युटेशन कर. म्हणजे रिकामी जागा एकदाच न भरता वीस-तीस वेळा भरायची, दर वेळी थोडी वेगळी, जशी ती खरोखर असू शकली असती तशी, प्रत्येक भरलेल्या शीटवर तेच मॉडेल चालवायचं आणि शेवटी उत्तरं एकत्र करायची. उत्तरं एकमेकांपासून जितकी लांब तितकी आपली अनिश्चितता मोठी, आणि ती लपवायची नाही, छापायची. आर या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी माइस नावाचं पॅकेज आहे, हो, उंदीरच. भरताना बंदीचा रकाना आणि गुन्ह्यांचा रकाना दोन्ही भरणाऱ्या मॉडेलमध्ये असू देत, लोक घाबरून काढतात आणि मग नातंच पुसलं जातं. एकाच ठाण्याचे महिने एकमेकांशी बांधलेले असतात तेही त्या मॉडेलला सांग. आणि हे मोजलेले आकडे आहेत तेव्हा साधं नॉर्मल वितरण (तो घंटेच्या आकाराचा आलेख) लावू नकोस, नाहीतर एखाद्या ठाण्यात उणे दीड विनयभंग निघतील.

हे सगळं दुसऱ्या जातीपुरतं. तिसऱ्या जातीची शंका असेल (तुला असायलाच हवी) तर भरलेले आकडे मुद्दाम दहा, वीस, चाळीस टक्क्यांनी वाढवून परत मॉडेल चालव आणि बघ तुझा निष्कर्ष कुठल्या टक्क्याला मोडतो. दहालाच मोडला तर थिसिसमध्ये तसं लिही. चाळीसलाही टिकला तर व्हायवाला ताठ मानेने जा. आणि गाईडांना म्हण, सर तुमच्या पद्धतीनेपण करून बघितलं, दोन्ही टेबल जोडलीयत. वाद होत नाही.

प्रश्न : ताई, माझा फोन लोकलमध्ये मारला. स्टेशनवर तक्रार द्यायला गेलो तर 'चोरी' ऐवजी 'गहाळ' लिहून दिलं. सिम मिळालं, काम झालं, पण मित्र म्हणतो यामुळे शहराचे आकडे खोटे होतात. एका फोनने काय फरक पडतो? (एक वाचक, डोंबिवली)

एका फोनने नाही पडत, पण त्या दिवशी त्या टेबलावर तुमच्या मागे लाईनीत उभ्या असलेल्या सगळ्यांच्या फोनने पडतो. माझी पर्स एका एसटी स्टँडवर कापली गेली होती, ब्लेडचा चीर सरळ दिसत होता, मी तो चीर दाखवला, समोरच्याने तो नीट बघितला, बोट पण फिरवलं त्याच्यावरून, आणि लिहिलं, 'प्रवासात पर्स गहाळ'. मला पण घाई होती, गाडी लागली होती. सही केली.

आता हे मॉडेलच्या बाजूने बघा. वरच्या विद्यार्थिनीकडे निदान रिकामा रकाना आहे, तिला कळतंय की इथे काहीतरी हवं होतं. तुमच्या फोनच्या बाबतीत रकाना कोरा नाहीये, ओळच नाहीये. चोरीच्या टेबलात तुम्ही कधी आलातच नाही. त्यामुळे कितीही भारी इम्प्युटेशन (रिकाम्या जागा अंदाजाने भरणं) लावलं तरी तुमची जागा कोणी भरणार नाही कारण जागा आहे हेच कोणाला माहीत नाही. गुन्हा घडला, माणूस तक्रार द्यायला गेला, आणि पोलिसांनी तो गुन्हा म्हणून लिहिला, या तीन गाळण्यांतून जे खाली पडतं त्याला आपण 'गुन्हे' म्हणतो. तिसऱ्या गाळणीत गुन्हा असा अडवून ठेवण्याला पोलिसांच्या इंग्रजीत बर्किंग असा शब्दच आहे. सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये ललिता कुमारी केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर नोंदवावाच लागतो, पण 'गहाळ' म्हटलं की मुळात गुन्हाच उरत नाही, आणि एनसीवर (अदखलपात्र नोंदीवर) भागवलं तर ती दखलपात्रांच्या हिशोबात येत नाही.

जुना प्रश्न आहे हा. बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ केतले यांनी १८३५ च्या सुमारासच लिहून ठेवलं होतं की माहीत झालेले गुन्हे आणि एकूण गुन्हे यांचं प्रमाण दर वर्षी साधारण सारखं असतं असं धरल्याशिवाय या आकड्यांना काही अर्थ नाही. आमच्या अभ्यासातली जवळपास सगळी मॉडेलं अजूनही गुपचूप तेच धरून चालतात. आणि ते प्रमाण हलतं. ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर पंचायतींत बायकांना आरक्षण आलं, वेगवेगळ्या राज्यांत वेगवेगळ्या वर्षी, त्याचा फायदा घेऊन लक्ष्मी अय्यर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एक पेपर छापला. आरक्षणानंतर महिलांवरचे नोंदलेले गुन्हे वाढलेले दिसले. घाईत वाचणारा म्हणेल बायका सरपंच झाल्या आणि अत्याचार वाढले. लेखकांचा निष्कर्ष उलटा, की ही चांगली बातमी आहे, मुख्यतः तक्रारी द्यायचं धाडस वाढलंय. म्हणजे नुसतं रिग्रेशन लावलं असतं तर कोइफिशियंट बरोबर आणि अर्थ साफ चुकीचा.

म्हणून पोलिसांच्या आकड्यांशेजारी घरोघर जाऊन विचारलेलं सर्वेक्षण लागतं. अमेरिकेत असं सर्वेक्षण १९७० च्या दशकापासून दर वर्षी होतं. आपल्याकडे कॉमनवेल्थ ह्युमन राइट्स इनिशिएटिव्हने २०१५ मध्ये दिल्ली-मुंबईत केलं, पण दर वर्षी देशभर चालणारं काही नाही. जवळचं म्हणाल तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. त्याच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी ७७ टक्के जणींनी मदतही मागितली नाही आणि कोणाला सांगितलंही नाही. पोलीस सोडा, आईला नाही, मैत्रिणीला नाही. सर्वेक्षण करणाऱ्या मुलीला मात्र सांगितलं. आणि सासू पलीकडच्या खोलीत होती म्हणून तिलाही न सांगणाऱ्या कितीजणी असतील, तो परत वेगळा कोरेपणा.

प्रश्न : मी एका दैनिकात आहे. दर वर्षी एनसीआरबीचा (देशभरच्या गुन्ह्यांचे आकडे छापणाऱ्या केंद्राच्या संस्थेचा) रिपोर्ट आला की आम्ही 'सर्वात असुरक्षित राज्य' करतो. चूक करतो का? (एक उपसंपादक, छत्रपती संभाजीनगर)

हो.

थोडं सविस्तर सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल उद्धट बाई आहे. २०१२ मध्ये देशात बलात्काराच्या २४,९२३ केसेस नोंदल्या गेल्या, २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात ३५ टक्के. मधे काय झालं तर दिल्लीची डिसेंबरची घटना, देशभरचा संताप, २०१३ ची कायद्यातली दुरुस्ती ज्यात व्याख्याच रुंद झाली, आणि तक्रार न घेणाऱ्या पोलिसाला शिक्षेची तरतूद. या ३५ टक्क्यांत प्रत्यक्ष घटना किती, धीर किती आणि व्याख्या किती हे या एका आकड्यातून वेगळं करता येत नाही. एनसीआरबी स्वतः रिपोर्टात लिहितं की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण तो परिच्छेद कोणी छापत नाही. केरळचा दर नेहमी वर दिसतो, तिथे लोक तक्रार देतात आणि पोलीस लिहून घेतात हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं.

आणखी तीन खाचखळगे, भराभर. एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असतील तर मोजताना सर्वात गंभीर तेवढाच धरतात, त्यामुळे बलात्कार करून खून केला तर ती केस खुनात जायची, बलात्काराच्या आकड्यात यायची नाही, २०१७ च्या रिपोर्टापासून त्याचा वेगळा रकाना आला. दुसरं, २०१९ च्या रिपोर्टाला पश्चिम बंगालचे आकडे वेळेत आले नाहीत म्हणून तिथे २०१८ चेच आकडे वापरले, खाली बारीक टीप देऊन. मागचा आकडा पुढे ओढणं ही आमच्यातली सर्वात आळशी इम्प्युटेशन, आणि ज्यांनी टीप न वाचता '२०१९ मध्ये बंगालात गुन्हे स्थिर' असं लिहिलं असेल त्यांचं काय बोलणार, आकडा तोच होता म्हणून स्थिर होता. तिसरं, दर लाख लोकसंख्येमागे किती हे काढायला खाली लोकसंख्या लागते आणि तुमचे-आमचे सगळे दर अजून २०११ च्या जनगणनेवरून पुढे मोजलेल्या अंदाजावर उभे आहेत. छेदच अंदाजाचा आहे हे कुठल्या हेडिंगात मावेल?

क्रमवारी छापायचीच असेल तर खुनाची छापा. प्रेत लपवणं अवघड, खून नोंदवणं टाळणं त्याहून अवघड, त्यामुळे सगळ्यात कमी गळती तिथे. परफेक्ट नाही, पण बरी.

प्रश्न : इकडे २०२१ च्या आकड्यांवरून मोठा गोंधळ झाला होता. अमेरिकेसारख्या देशात एफबीआयकडे डेटा नव्हता म्हणजे काय? महाराष्ट्र मंडळाच्या गप्पांत कोणी म्हणे खून वाढले, कोणी म्हणे कमी झाले. (एक वाचक, न्यू जर्सी)

दोघंही खोटं बोलत नव्हते, हेच त्यातलं मजेशीर. १ जानेवारी २०२१ पासून एफबीआयने जुनी बेरजेची पद्धत बंद करून फक्त नवी, प्रत्येक घटनेची सविस्तर नोंद मागणारी पद्धत सुरू ठेवली. नवी पद्धत चांगलीच आहे, पण हजारो विभागांची सॉफ्टवेअरं तयार नव्हती. अठरा हजारांवर विभागांपैकी साधारण ६३ टक्क्यांनीच आकडे पाठवले. न्यूयॉर्कचे पोलीस नाहीत, लॉस एंजेलिसचे नाहीत, फ्लोरिडातून तर जवळजवळ कोणीच नाही. हे आमच्या काल्पनिक हायवेवरच्या ठाण्यांसारखंच झालं, मोठीच माणसं गैरहजर.

एफबीआय आणि तिथल्या न्यायविषयक आकडेवारीच्या ब्युरोने मग अंदाज काढले आणि, हे मला फार आवडलं, अंदाजाची रेंजही दिली. खून अंदाजे २२,९००, आदल्या वर्षापेक्षा ४.३ टक्के जास्त, पण खरा बदल ७ टक्के घट ते १७ टक्के वाढ यांच्यात कुठेही असू शकतो. म्हणजे तुमच्या मंडळातले दोन्ही काका त्या रेंजमध्ये आरामात बसतात. खुनाचं एक बरं असतं की मृत्यूच्या दाखल्यावरूनही मोजता येतो. सीडीसी या तिथल्या सरकारी आरोग्यसंस्थेच्या त्या मोजणीत २०२० ला २४,५७६ आणि २०२१ ला २६,०३१ होते, व्याख्या थोडी वेगळी आहे पण दिशा कळली, वाढले. चोरीला असा दुसरा दाखला नसतो. पुढच्या वर्षी एफबीआयने जुन्या पद्धतीचे आकडेही परत घ्यायला सुरुवात केली.

पण एक सांगते, २०२१ साठी फक्त ज्यांनी आकडे पाठवले तेवढेच विभाग घेऊन मॉडेल करणारे पेपर दिसले तर जरा लांबूनच वाचा.

प्रश्न : एमएच्या प्रोजेक्टमध्ये आरोपींचं सरासरी वय ४६ आलंय. मॅडम म्हणतात शक्य नाही. डेटा एका जुन्या अभ्यासातून घेतलाय. (एक विद्यार्थी, पणजी)

वयाचा रकाना उतरत्या क्रमाने लाव. वर ९९, ९९, ९९ अशी रांग दिसेल. जुन्या पद्धतीत वय माहीत नसेल तर ९९ भरायचे, कोडबुकच्या (कुठल्या आकड्याचा अर्थ काय ते सांगणाऱ्या पुस्तिकेच्या) शेवटच्या पानावर लिहिलेलं असतं. म्हणजे तुझ्या डेटात नव्व्याण्णव वर्षांचे दरोडेखोर आहेत. ते काढून मिसिंग कर आणि मग मोज.

पण काढून गप्प बसू नकोस, बघ हे ९९ कोणाचे आहेत. बहुतेक केसेस न उलगडलेल्या असतील, आरोपी सापडलाच नाही तर वय कुठून येणार. आता उरलेली सरासरी ही 'आरोपींची' राहिली नाही, 'पकडल्या गेलेल्यांची' झाली, आणि पकडलं कोण जातं, तर ओळखीचा, शेजारचा, गोंधळलेला. अमेरिकेत खुन्याचं आणि बळीचं नातं काय या रकान्यात हाच प्रॉब्लेम वर्षानुवर्षं होता, नातं माहीत नाही म्हणजे अनोळखीच असणार असं धरून लोक घाबरवणारे आकडे काढायचे. वेंडी रेगोएत्झी आणि मार्क रीडल यांनी २००३ मध्ये तेच रकाने नीट इम्प्युटेशन करून भरून बघितले, बळीचं वय, हत्यार, जागा, परिस्थिती यांचा आधार घेऊन, आणि माहीत नसलेल्या केसेस सगळ्या अनोळखींच्या खात्यात ढकलता येत नाहीत हे दिसलं. तू एमएला आहेस, एवढं नको करूस, पण प्रोजेक्टमध्ये दोन वाक्यं लिही, किती ९९ होते आणि त्यातले किती न उलगडलेले. मॅडम खूश होतील.

ता.क. : अंक छपाईला जाता जाता नागपूरच्या विद्यार्थिनीचा फोन आला. तिने सहा ठाण्यांना फोन केले. चार ठिकाणी रेघ म्हणजे निरंक. पाचव्या ठिकाणी रेघ म्हणजे 'वरच्या महिन्याप्रमाणे', जशी किराण्याच्या यादीत मारतात तशी. सहाव्या ठिकाणी तक्ता भरणाऱ्याची बदली झालीये, नवीन माणूस म्हणाला, मॅडम मला पण तीच शंका होती, कळलं तर मलाही सांगा.